शेंगदाण्याची चिक्की घरी करताना: पाक कसा ओळखायचा आणि चिक्की कशी बांधून द्यायची

घरी केलेला खाऊ कुणाच्या हातात ठेवायचा असेल तर चिक्कीइतका सोयीचा पदार्थ मला दुसरा माहीत नाही. प्रवासात नासत नाही, डब्यात सांडत नाही, आणि मुख्य जिन्नस दोनच: शेंगदाणे आणि गूळ. तरी बहुतेक घरांत चिक्की विकतचीच येते. कधीतरी एकदा करून बघितलेली चिक्की दाताला चिकटलेली असते आणि तेव्हापासून 'आपल्याकडे नाही बाई जमत' हे कायमचं ठरून गेलेलं असतं. या सगळ्या खटाटोपात बिघडतो तो फक्त पाक. म्हणून इथे सगळ्यात जास्त पाकावरच लिहिलं आहे. बाकीची कामं कुणालाही जमतील अशी आहेत.

जिन्नस आणि मांडामांड

२५० ग्रॅम शेंगदाणे, २०० ग्रॅम चिक्कीचा गूळ, एक चमचा साजूक तूप. दाणे मंद आचेवर खमंग भाजा, सालं पाखडून टाका, दाण्यांची डाळ करून घ्या. पाकात घालायच्या वेळी ते कोमट हवेत. गार दाणे पडले की पाक जागच्या जागी आळतो आणि निम्मे दाणे कोरडेच राहतात.

पोळपाट, लाटणं, सुरी आणि एका वाटीचं बूड यांना तूप लावून ओट्यावर मांडून ठेवा. पाक झाल्यावर लाटणं शोधायला वेळ मिळत नाही.

गुळाच्या बाबतीत मात्र मी तडजोड करत नाही. किराणा दुकानात 'चिक्कीचा गूळ' असं स्पष्ट सांगून मागायचा. तो जास्त चिकट असतो, पाक झाला की चकचकीत दिसतो आणि थंड झाल्यावर कडक होतो. पुरणपोळीसाठी आणलेला मऊ गूळ घरात आहे म्हणून त्याचीच चिक्की करायला जाऊ नका. त्याचा पाक पुरेसा कडक होण्याआधीच तळाला करपायला लागतो आणि चिक्की कडवट तरी होते नाहीतर चिवट तरी. 'कुठलाही गूळ चालतो' असं सांगणाऱ्यांनी आपली चिक्की दुसऱ्या दिवशी खाऊन बघावी.

पाक

जाड बुडाची कढई, आच मध्यमपेक्षा थोडी कमी. तूप घाला, त्यावर गूळ घाला, ढवळत राहा. पाणी घालू नका. बऱ्याच कृतींमध्ये दोन चमचे पाणी लिहिलेलं असतं, पण ते पाणी आटवण्यातच पुढची मिनिटं जातात. गुळात खडे किंवा कचरा दिसत असेल तरच थोडं पाणी घालून विरघळवा आणि गाळून घ्या.

आता वाईट सल्ल्यांबद्दल. पहिला सल्ला 'पाच मिनिटं शिजवा'. कुणाची कढई, कुणाची शेगडी, गुळात ओल किती, यातलं काहीच ठाऊक नसताना मिनिटं सांगण्याला काही अर्थ नाही. दुसरा सल्ला त्याहून घातक: 'दोनतारी पाक करा'. तार बोटांत धरून बघायचा पाक साखरेच्या लाडवांना आणि वड्यांना ठीक आहे. चिक्कीचा पाक तारेच्या कितीतरी पुढे जातो. तार बघून गॅस बंद केला तर चिक्की दाताला चिकटणारच, मग ती कितीही पातळ लाटा.

का, तेही समजून घ्या, म्हणजे अंदाज चुकणार नाही. गूळ वितळून उकळायला लागला की त्यातलं पाणी वाफ होऊन जात असतं. पाणी जसजसं कमी होतं तसतसं पाकाचं तापमान चढतं. गोळीबंद पाक ११५ अंश सेल्सिअसच्या आसपास होतो, आणि तेव्हा त्यात अजून बरंच पाणी असतं. म्हणूनच त्याची गोळी दाबली की दबते. चिक्कीला पाक १४५ ते १५० अंशांपर्यंत न्यावा लागतो. तिथे पाणी जवळजवळ संपलेलं असतं आणि गार झालेला पाक काचेसारखा कडक होतो, वाकायच्या आधी तुटतो. दाताला चिकटणारी चिक्की म्हणजे आत पाणी राहिलेली चिक्की. दुसरं काही कारण शोधत बसू नका.

साखरेचा थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर वाटीभर गार पाणी पुरतं, आणि खरं सांगायचं तर माझा वाटीवरच जास्त विश्वास आहे. वाटी स्टीलची घ्या. का ते पुढे सांगते.

गूळ वितळला की आधी मोठे, सुटे बुडबुडे येतात. मग पाकावर फेस चढतो आणि रंग थोडा उजळतो. या फेसाला भुलून पुष्कळ जणी इथेच गॅस बंद करतात. थांबा. थोड्या वेळाने फेस बसतो, बुडबुडे बारीक आणि दाट होतात, रंग तांबूस होतो, वास बदलतो. उसाच्या रसाचा कच्चा वास जाऊन खरपूस, किंचित धुरकट वासाची चाहूल लागते. पहिला थेंब इथे टाकून बघायचा.

थेंब टाकताना आधी गॅस बारीक करा, नाहीतर कढई सरळ खाली उतरवा. ही एक गोष्ट कुणी लिहीत नाही आणि निम्म्या चिक्क्या इथेच करपतात. शेवटच्या टप्प्यात पाक भराभर तापतो. तुम्ही वाटीत बोट घालून थेंब चाचपत असता आणि तेवढ्यात कढईतला पाक कडू होऊन बसतो.

चमच्याच्या टोकावरून एक थेंब पाण्यात सोडा आणि मनात पाच-सहा आकडे मोजा. मग तो बोटांनी उचला.

बोटांत दबला, लोण्यासारखा पसरला, तर अजून बराच वेळ आहे. उचलला गेला पण ओढल्यावर लांबत गेला, तर वेळ जवळ आली आहे. मोडला खरा, पण मोडता मोडता जरा वाकला, तर ही सगळ्यात फसवी अवस्था. इथे हात थांबवण्याचा मोह होतो, कारण थेंब कडक लागतो. तो तुकडा तोंडात टाका आणि दाढेखाली चावा. दाताला धरून ठेवत असेल तर कढई परत गॅसवर चढवा.

पाक झाला की थेंब पाण्यात पडताच घट्ट होतो. वाटी जरा हलवली तर तो स्टीलच्या बुडावर टक्कन वाजतो. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या वाटीत हा आवाज इतका स्पष्ट येत नाही. बाहेर काढून मोडला की दोन तुकडे होतात, कडा धारदार असतात, चावला की कुरकुरतो आणि विरघळून जातो, दाताला काही उरत नाही. त्याच क्षणी गॅस बंद. 'अजून अर्धा मिनिट' नको, कारण कढईच्या उष्णतेने पाक पुढेही शिजतच असतो.

प्रत्येक वेळी वाटीतलं पाणी बदला. आधीच्या थेंबांनी ते गोडूस आणि कोमट होतं आणि त्यात टाकलेला थेंब चुकीचं सांगतो. मला या टप्प्याने बराच काळ दमवलं होतं. पाणी बदलायला लागल्यापासून अंदाज चुकणं जवळपास थांबलं.

खायचा सोडा घालायचा का? दाणे घालण्याआधी चिमूटभर घातला तर पाक फसफसतो, त्यात बारीक बुडबुडे अडकतात आणि चिक्की हलकी, खुसखुशीत होते. वयस्कर माणसांसाठी करत असाल तर जरूर घाला. एरवी मी घालत नाही. मला गुळाच्या चिक्कीचा कडकपणाच आवडतो. सोड्याने कच्चा पाक पक्का होत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या.

आणि एक काळजी. हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा खूप जास्त गरम असतो आणि कातडीला चिकटून बसतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत लहान मुलं ओट्याजवळ नकोत. बोट घालून चव बघायची नाही. थेंब उडालाच तर भाजलेली जागा ताबडतोब नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि चांगला वेळ धरून ठेवा. टूथपेस्ट, हळद, तूप काही लावू नका.

लाटणं आणि कापणं

दाणे घाला, दोन-चार वेळा भराभर वरखाली करा, सगळं पोळपाटावर ओता. तूप लावलेल्या वाटीने दाबा, वर बटर पेपर टाकून मध्यापासून कडेकडे लाटा. लगेच सुरीने खोल रेघा मारा. पूर्ण गार झाल्यावर त्याच रेघांवर तुकडे सुटतात.

कापायच्या आधीच आळली? पोळपाटावरून सोडवून कोमट तव्यावर अर्धा-पाऊण मिनिट ठेवा, मऊ पडते. दगडी किंवा संगमरवरी ओट्यावर थेट लाटायला सांगतात, पण दगड उष्णता फार लवकर ओढून घेतो. हात बसेपर्यंत लाकडी पोळपाटच बरा.

चौकोनी वड्या पाडायलाच हव्यात असं नाही. शक्य तितकी पातळ लाटून, रेघा न मारता गार होऊ द्यायची आणि मग हाताने वेडीवाकडी मोडायची, ही माझी आवडती पद्धत. असे तुकडे बरणीत उभे ठेवले की आतले दाणे उजेडात दिसतात, आणि कडा सारख्या आल्या नाहीत म्हणून जीव खायचं कारण राहत नाही. लहान मुलांसाठी पाक गरम असतानाच चमचाभर मिश्रण बटर पेपरवर टाकून वाटीने चपटं करा. छोट्या गोल चकत्या होतात.

बांधून देणं

गुळाची चिक्की हवेतली ओल पटकन ओढून घेते. म्हणून बांधणीचं पहिलं काम ओल बाहेर ठेवण्याचं, मग नटवणं. चिक्की पूर्ण गार व्हायच्या आत डब्यात भरू नका. कोमट चिक्कीची वाफ झाकणाला धरते आणि सकाळपर्यंत तुकडे एकमेकांना चिकटतात. पावसाळ्यात मोठा डबा भरण्यापेक्षा दोन-तीन लहान बरण्या कराव्यात, म्हणजे उघडझाक कमी होते.

बरणी विकत आणायची गरज नाही. कॉफीच्या, मधाच्या, जॅमच्या रिकाम्या बाटल्या घरोघरी असतात. लोणच्याची बरणी घेणार असाल तर काच धुऊन भागणार नाही, वास झाकणाच्या आतल्या अस्तरात असतो. झाकण सोडा घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवा. तरीही वास येत असेल तर ते झाकण चिक्कीला वापरू नका.

तुकड्यांच्या थरांमध्ये बटर पेपर घाला. वर्तमानपत्राचा कागद नको, तो कितीही 'जुन्या काळचा' दिसत असला तरी. छपाईची शाई अन्नाला लागते, आणि २०१८ च्या अन्नसुरक्षा पॅकेजिंग नियमांनुसार वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई आहे. पुडीचा तो बाज हवाच असेल तर बटर पेपरची पुडी करा आणि पांढऱ्या दोऱ्याने चौपदरी बांधा.

झाकणावर घालायला खणाच्या ब्लाउजपीसचा तुकडा सगळ्यात छान दिसतो. ओटी भरताना मिळालेले असे कितीतरी तुकडे कपाटात पडून असतात. झाकणापेक्षा चार बोटं मोठा गोल कापा, काठ दिसेल असा ठेवा, सुतळीने आवळा. रेशमी रिबिनी आणि प्लॅस्टिकची फुलं यांच्यावर पैसे घालवू नका. खणापुढे ती फिकी पडतात आणि घेणारा ती दुसऱ्या मिनिटाला कचऱ्यात टाकतो.

नावाच्या चिठ्ठीसाठी जुन्या लग्नपत्रिका घ्या. इतका जाड, चांगला कागद सुटा मिळत नाही. मागची कोरी बाजू वापरा. गणपतीचं चित्र असलेला भाग कापायला मन धजत नसेल तर तो बाजूला काढून ठेवा, उरलेल्या पत्रिकेत चार-पाच चिठ्ठ्या सहज निघतात. एका कोपऱ्याला पंचने भोक पाडून सुतळीत ओवा.

चिठ्ठीवर शाईच्या पेनाने लिहू नका, ओल्या हाताने फिसकटतं. बॉलपेनने केल्याची तारीख लिहा, 'बरणी घट्ट बंद ठेवावी' लिहा, आणि सोडा घातला असेल तर तेही. 'शेंगदाणे आहेत' हे मोठ्या अक्षरात लिहा, विशेषतः भेट लहान मुलं असलेल्या घरी जाणार असेल तर. शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते, आणि बारीक कूट करून केलेल्या चिक्कीत दाणे नुसत्या नजरेला ओळखूही येत नाहीत.