दोन दिवसांत मालगुडी : आगुंबे आणि अरसाळूची सहल मित्रांबरोबर कशी आखावी

आर. के. नारायण यांच्या मालगुडी या काल्पनिक गावातल्या कथांवर शंकर नाग यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या ‘मालगुडी डेज’ मालिकेचं बरंचसं चित्रीकरण कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, आगुंबे गावात झालं. मालिकेतलं रेल्वे स्टेशन मात्र आगुंब्यात नाही. ते साधारण पाऊणशे किलोमीटरवर अरसाळूला आहे. कितीतरी जण आगुंब्यात पोहोचल्यावर स्टेशन कुठे म्हणून विचारतात आणि मग वेळेअभावी ते न बघताच परततात. सहल आखताना ही दोन टोकं आधी डोक्यात पक्की बसवा.

आधी भाग बघा, मगच तिकीट काढा

एक संध्याकाळ सगळ्यांनी एकत्र बसून भाग बघायला राखून ठेवा. स्वामी या शाळकरी मुलाच्या कथा घ्याच, कारण त्यांत घर, रस्ता आणि शाळकरी पोरांची भटकंती भरपूर दिसते. त्यासोबत स्टेशन असलेला एखादा भाग निवडा. मालिकेतलं दृश्य त्याच जागी उभं राहून पुन्हा टिपायचं, ही या सहलीची गंमत. म्हणून ओळखण्याजोगी चौकट (पडद्यावरची फ्रेम) दिसली की थांबवा, फोटो काढून ठेवा आणि तीन गोष्टी टिपा : भागाचं नाव, मिनिट-सेकंद, आणि चौकटीत न बदलणारं काय आहे. दाराची कमान, खांबावरचं कोरीवकाम, ओट्याच्या पायऱ्या, मागच्या डोंगराची रेघ या खुणा टिकतात. रंग, पाट्या, झाडं यांच्यावर भिस्त ठेवू नका. जवळपास चाळीस वर्षांत ती बदलणारच. चित्रीकरणापुरतं उभारलेलं सामानही आता सापडायचं नाही. शिवाय काही प्रसंग आगुंब्याबाहेर चित्रित झाले आहेत, त्यामुळे एखादी चौकट कुठेच जुळली नाही तर तिच्यात तासभर घालवू नका.

दहा-बारा चौकटी पुरेत. तीस घेतल्या तर सहलीची हजेरीवही होते आणि गाव बघायचं राहून जातं.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आगुंब्यात वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा गाव अतिशय देखणं दिसतं, पण धुक्यात चौकट जुळवणं अवघड, सूर्यास्त दिसण्याची आशा फारशी नाही, आणि जळवा असतातच. तरीही पावसात जायचं असेल तर मोजे पँटवर ओढून घ्या. जळू चिकटली तर उपटू नका आणि मीठही टाकू नका. मिठाने ती पोटातलं जखमेत ओकते. नख किंवा कार्डाची कड तिच्या तोंडाजवळ कातडीला लावून सरकवली की ती सुटते. मग जखम साबणाने धुवा.

कसं पोहोचायचं

मुंबईहून शुक्रवारी दुपारची मत्स्यगंधा एक्सप्रेस पकडली की शनिवारी सकाळी उडुपी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा पुढची टॅक्सी त्यानुसार सांगा. उडुपीहून आगुंबे ५५ किलोमीटरच्या आसपास आहे. मणिपाल, हेब्री, सोमेश्वर आणि मग घाट, असा रस्ता. घाटात १४ तीव्र वळणं आहेत, त्यामुळे अंतर कमी दिसलं तरी दोन तास धरा. गाडी लागणाऱ्यांनी नाश्ता हलकाच करावा, उडुपीत हे जमवणं कितीही कठीण असलं तरी.

चार-पाच जण असाल तर एक साधी टॅक्सी, सहा-सात जणांना मोठी गाडी. दहाच्या पुढे गेलात तर मिनीबस लागते. पावसाळ्यात या घाटात अवजड वाहनांना बंदी घालण्यात येते, म्हणून बुकिंगच्या वेळीच चालकाला स्पष्ट विचारा. इंधन हेब्रीलाच भरून घ्या, रोख रक्कम उडुपीत काढा आणि नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा. वर नेटवर्क येतं-जातं.

शनिवार : दोड्डमने

आगुंब्यातलं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण म्हणजे दोड्डमने, म्हणजेच मोठं घर. स्वामीचं घर म्हणून मालिकेत दिसतो तो हाच शंभरीपार वाडा : लाकडी खांब, मधोमध उघडा चौक, भोवती पडवी. हे संग्रहालय नव्हे, इथे कुटुंब राहतं. म्हणून आधी फोन करून किती जण येणार ते कळवा. मुक्काम किंवा जेवण हवं असेल तर तेही तेव्हाच सांगा, कारण स्वयंपाक माणसं मोजून होतो. चपला बाहेर काढा. पडवी-चौकापलीकडच्या खोल्यांत आणि स्वयंपाकघरात बोलावल्याशिवाय जाऊ नका, आणि घरातल्या माणसांचे फोटो विचारूनच घ्या. मालिकेच्या आठवणी विचारायच्या तर जेवणं उरकल्यावर, निवांतपणे विचारा.

चौकट जुळवायचं तंत्र इथेच नीट वापरता येतं. मालिका जुन्या टीव्हीच्या ४:३ मापाची आहे. फोनचा कॅमेरा त्याच मापावर ठेवा आणि फोन आडवा धरा. १६:९ वर कितीही प्रयत्न केला तरी वरचं छत आणि खालची जमीन कापली जाते. वाइड लेन्सने खांब वाकडे दिसतात, म्हणून १ किंवा २ पट झूम ठेवून मागे सरका. दोघांनी मिळून काम करा : एकाच्या हातात जुनी चौकट, दुसऱ्याच्या हातात कॅमेरा. आधी दोन खांबांमधलं अंतर जुळवा, नंतर कॅमेऱ्याची उंची. लोक उंचीत हमखास चुकतात. चित्रीकरणात पात्र पोरसवदा असलं की कॅमेराही बऱ्याचदा खाली असतो, तेव्हा गुडघ्यावर बसून बघा. फ्लॅश नको, त्याने चौकातल्या उजेडाची सगळी मजा जाते. ऊन माथ्यावर असतं तेव्हा उजेड चौकात सरळ उतरतो, म्हणून दुपारची ती वेळ घरासाठी ठेवा.

ऊन कललं की गावच्या मुख्य रस्त्यावर चक्कर मारा. दुतर्फा घरं असलेला हा रस्ता अनेक प्रसंगांत आहे. संध्याकाळी घाटातल्या सूर्यास्त बिंदूवर सूर्य मावळण्याआधी अर्धा तास तरी पोहोचा. हवा स्वच्छ असेल तर अरबी समुद्राची चकाकी दिसते. जंगलातल्या धबधब्यांच्या वाटा या सहलीत घेऊ नका. त्यातल्या काहींना वनखात्याची परवानगी लागते आणि अख्खा दिवस जातो. हे नागराजाचं, म्हणजे किंग कोब्राचं जंगल आहे, अंधारात टॉर्चशिवाय गवतात पाय टाकायचा नाही.

रविवार : अरसाळू

सकाळी सातला निघा. तीर्थहळ्ळी, रिप्पनपेट करत दोन-अडीच तासांत अरसाळू येतं. शिमोगा–तालगुप्पा मार्गावरचं हे छोटं स्टेशन मालिकेत मालगुडी स्टेशन झालं. जुनी इमारत पडीक झाली होती. २०२० मध्ये रेल्वेने ती दुरुस्त करून तिथे मालगुडी संग्रहालय केलं. या कामात मालिकेचे कलादिग्दर्शक जॉन देवराज यांचा हात होता, म्हणून ते निगुतीने झालंय. उघडण्याची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. आवारात जुन्या डब्यात चहाची सोयही केली आहे.

इथली चौकट फलाटावरून घ्या, रुळांवर उतरून नव्हे. या मार्गावर गाड्या चालू आहेत आणि रूळ ओलांडणं कायद्याने गुन्हा आहे. फलाटावर शांत बसून मालिकेची ती गुणगुणती धून एकदा सगळ्यांनी मिळून म्हणावी, असं आमचं आग्रहाचं सांगणं.

दुपारी बाराच्या आत अरसाळू सोडा. शिमोगा तासाभरावर आहे, तिथून हुबळी चार तास, आणि हुबळीहून पुणे-मुंबईकडे रात्रीच्या बस व गाड्या मिळतात. टॅक्सी उडुपीची असेल तर चालक रिकाम्या परतीचं भाडं लावतो. तो आकडा शनिवारी सकाळी, गाडीत बसण्यापूर्वीच ठरवून घ्या.