मक्याच्या शेतांमधलं कोलंबस : पुण्या-फलटणहून येणाऱ्यांसाठी

इंडियानापोलिसच्या विमानतळावरून निघून आय-६५ महामार्गाला लागलात की थोड्याच वेळात शहर मागे पडतं आणि दोन्ही बाजूंना सपाट शेतं सुरू होतात. हिवाळ्यात आलात तर त्या शेतांत मक्याची धसकटं आणि लांबवर धान्याची पत्र्याची गोल कोठारं, एवढंच दिसतं. नव्याने आलेल्या मुलींचे पहिल्या आठवड्यात मला फोन येतात. जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये एक वाक्य असतंच : "काकू, इथे रस्त्यावर माणूसच दिसत नाही हो." मीही २००५च्या शरद ऋतूत आले तेव्हा घरी फोन करून हेच सांगितलं होतं. नवऱ्याची नेमणूक तीन वर्षांची होती, म्हणून अर्धी खोकी उघडलीसुद्धा नव्हती. आता तुम्हाला कळकळीने सांगते, खोकी पहिल्या महिन्यातच उघडा. सुमारे ५० हजार वस्तीचं कोलंबस हे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं गाव परतीच्या तारखेकडे डोळे लावून राहणाऱ्याला फारसं काही देत नाही. जो इथे घर करून राहतो त्याच्यासाठी मात्र इथे पुष्कळ काही आहे.

ओळख करून घ्यायची तर नदीपासून सुरुवात करा. आपण पुणेकर, संगमाचं गाव आपल्याला नवं नाही. इथे ड्रिफ्टवुड आणि फ्लॅटरॉक या दोन नद्या गावाच्या कडेलाच मिळतात आणि व्हाइट नदीचा पूर्वेकडचा फाटा सुरू होतो. मिल रेस पार्कमध्ये जा, तिथल्या उंच मनोऱ्यावर चढा, म्हणजे गावाची ठेवण एका नजरेत कळेल. पूर्वी हा नदीकाठ बकाल होता, कातडी कमावण्याचा कारखाना आणि झोपड्या होत्या. आजची बाग १९९२ची. पूर आला की पाणी आत येणार हे धरूनच ती आखली आहे. वसंतात बाक पाण्यात दिसले तर घाबरू नका.

इथली जमीन मुळात लेनापे, म्हणजे डेलावेअर लोकांची आणि मायामींची. १८१८च्या सेंट मेरीजच्या करारांनी ती त्यांच्याकडून गेली आणि दोन-तीन वर्षांत गोरे वसाहतकार इथे आले. जॉन टिप्टन नावाच्या सेनाधिकाऱ्याने गावासाठी जमीन दिली, म्हणून गावाचं नाव ठेवलं टिप्टोना. मार्च १८२१मध्ये ते बदलून कोलंबस केलं. टिप्टनला ते लागलं, तो पुढे इथून निघून गेला. १८४४मध्ये ओहायो नदीवरच्या मॅडिसनहून रेल्वे आली आणि इथलं धान्य-डुकरं बाहेरच्या बाजारात जाऊ लागली. पुढचं सगळं गाव त्या धान्यावर उभं राहिलं.

हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्यातले बरेच जण इथे कमिन्स या इंजिनांच्या कंपनीसाठी येतात आणि गाव कंपनीपासूनच सुरू झालं असं समजतात. कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या आवारात जुन्या लाल विटांची एक इमारत जपून ठेवली आहे, ती नीट बघा. ती सीरियलिनची गिरणी. १८८०च्या दशकात इथे मक्याच्या चपट्या पाकळ्या तयार व्हायच्या, आपल्या मक्याच्या पोह्यांची थोरली बहीण म्हणा. आधी त्या बिअर बनवणाऱ्यांना विकल्या जात, मग न्याहारीसाठी घरोघरी गेल्या, केलॉगच्या कॉर्नफ्लेक्सच्याही आधी. इथलीच रीव्हज कंपनी मळणीयंत्रं आणि वाफेची इंजिनं करायची. आणि १९१९मध्ये क्लेसी कमिन्स या मेकॅनिकने बँकर विल्यम आयर्विन यांच्या पैशावर कंपनी काढली, तीही शेतीपासूनच. क्लेसी आयर्विनांच्या घरी गाडी चालवायचा. सुरुवातीचं इंजिन सहा अश्वशक्तीचं, शेतावरचं, आणि ते टपालाने माल विकणाऱ्या सिअर्सच्या कॅटलॉगमधून विकलं जायचं. शेतकरी हंगामभर ते चालवायचे आणि काम झालं की परत पाठवायचे. कंपनी बुडायचीच बाकी होती. १९२९च्या नाताळात क्लेसीने एका जुन्या पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवून आयर्विनना फेरी मारून आणली आणि त्यांनी पुन्हा हात ढिला सोडला. पुढच्याच महिन्यात ती मोटार इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कला गेली. ७९२ मैल, आणि इंधन लागलं १ डॉलर ३८ सेंटचं.

१९६२मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. कर्वेनगरचं मुलींचं कमिन्स कॉलेज १९९१चं. फलटणचा कारखाना तर उसाच्या पट्ट्यातच आहे. तिथून इकडे येणारी मुलं इथली शेतं बघून सगळ्यात लवकर रुळतात, हे मी पाहिलं आहे.

आता इमारतींबद्दल. नवीन आलेल्यांना त्या पहिल्या वर्षी दिसतच नाहीत. आयर्विनांच्या भाचीचा मुलगा जे. आयर्विन मिलर (१९०९–२००४) कंपनीचा कर्ताधर्ता झाला. युद्धानंतर मुलं वाढली, शाळा भराभर बांधाव्या लागल्या आणि त्या साध्यासुध्या होऊ लागल्या. तेव्हा कंपनीच्या प्रतिष्ठानाने सांगितलं, आमच्या यादीतला आर्किटेक्ट निवडा, त्याची फी आम्ही देतो. बांधकामाचा खर्च गावाचा, निवडही गावाची. हॅरी वीझ यांची पहिली शाळा १९५७मध्ये उभी राहिली. मग शाळा, अग्निशमन केंद्र, पोस्ट, एकेक करत अशी कामं होत गेली. १९९१मध्ये अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेने देशातल्या शहरांची क्रमवारी लावली, तेव्हा शिकागो, न्यूयॉर्कच्या पंगतीत हे एवढंसं गाव सहावं आलं.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की चांगलं ते रोजच्या वापरात ठेवलं आहे. लायब्ररीचंच बघा. १९६९ची ही विटांची इमारत आय. एम. पे यांची. समोर रस्त्यापलीकडे एलिएल सारिनेन यांचं १९४२चं चर्च, बाजूला सुटा उभा घड्याळाचा मनोरा. दोन्हींच्या मधल्या चौकात हेन्री मूर यांची काशाची कमान आहे, सुमारे २० फूट उंच. माझी मुलगी तीन वर्षांची असताना आम्ही गोष्टींच्या तासाला जायचो. परत निघताना ती रोज त्या कमानीच्या एका पायाला हात लावायची, वळसा घालून दुसऱ्याला लावायची, मगच गाडीत बसायची. उन्हाळ्यात कासं गरम लागायचं, नोव्हेंबरात हात चटकन मागे यायचा. तिथे दोरी नाही, पहारेकरी नाही. एवढ्या मोठ्या शिल्पकाराचं काम मुलांच्या हाताखाली आहे, आणि ते तसंच असावं म्हणून ठेवलं आहे.

तेव्हा पत्त्याचा पुरावा हातात आला की पहिलं लायब्ररीचं कार्ड काढा. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायकांना तर मी हे हात धरून सांगते. बऱ्याचदा नोकरीची परवानगी नसते, गाडी येत नसते, नवरा सकाळी जातो तो संध्याकाळी उगवतो. त्या दिवसांत माझी पहिली ओळख लायब्ररीतच झाली, एका निवृत्त शिक्षिकेशी. तिने मला गाडी चालवायला धीर दिला आणि मी तिला भाकरी थापायला शिकवली. गाडी मात्र शिकाच. गावात बस आहे, पण तेवढ्यावर संसार होत नाही.

शेतीचं वर्ष समजून घेतलंत तर इथलं बरंच काही आपोआप कळेल. एप्रिलच्या अखेरीस, मेमध्ये मक्याची पेरणी, मागोमाग सोयाबीन. "चार जुलैला मका गुडघ्याएवढा हवा" असं इथले जुने लोक म्हणतात, पण आता तोवर तो पुष्कळदा डोक्याएवढा होतो. जुलै-ऑगस्टमध्ये मक्याच्या पानांतून इतकी वाफ हवेत जाते की दमटपणा वाढतो. इथे त्याला मक्याचा घामच म्हणतात. कोकणातल्या माणसाला घरची आठवण येईल. ऑगस्टच्या मध्यापासून रॅगवीड नावाच्या तणाचे परागकण उडतात. पहिल्या वर्षी कदाचित काही होणार नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी डोळे चुरचुरायला, शिंका यायला लागल्या तर सर्दी समजून अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

कणसांबद्दल एक नक्की लक्षात ठेवा. रस्त्याकडेच्या शेतातलं कणीस कधीही तोडू नका. ती चोरी तर आहेच, शिवाय तो मका खाण्याचा नाही. तो गुरा-डुकरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला जातो, वाळून दगडासारखा होईपर्यंत शेतात उभा ठेवतात. भाजायची कणसं, म्हणजे गोड मका, जुलैपासून रस्त्याच्या कडेला टेबल मांडून विकतात. कधी विकणाराही नसतो, नुसता पैशांचा डबा ठेवलेला असतो. मोजून पैसे टाका. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी गावात शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तिथे भेंडी आणि वांगी मिळाली की मोठा आनंद होतो.

वसंतात आणि शरदात अरुंद रस्त्यांवर अवजड यंत्रं संथ चालताना दिसतील, मागे केशरी त्रिकोण लावलेली. हॉर्न वाजवू नका. चालक पुढे जागा मिळाली की स्वतः बाजूला होतो. जाताना हात वर करा, तोही करेल. पिवळ्या शाळेच्या बसचा थांबा-फलक बाहेर आला की थांबायचंच. दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यानेही.

जुलैत फोर-एच या मुलांच्या संघटनेची जिल्ह्याची जत्रा असते. मुलांनी वर्षभर सांभाळलेली वासरं, शेळ्या, कोंबड्या, डुकरं तिथे आणतात. दहा-बारा वर्षांची पोरं वासराला आंघोळ घालून, विंचरून रिंगणात उभी राहतात, परीक्षक विचारतील त्या प्रश्नांना खुराकापासून वजनापर्यंत सगळी उत्तरं देतात. आपल्या मुलांनाही फोर-एचमध्ये घाला. जनावर पाळलंच पाहिजे असं नाही. शिवण, फोटो, रोबोटिक्स, बागकाम, सगळं चालतं.

लोक भिडस्त आहेत. आपणहून घरात शिरणार नाहीत, पण अडचणीत मागे राहणार नाहीत. ७ जून २००८ला हॉ क्रीक हा छोटा ओढा एका दिवसात इतका फुगला की जिल्हा रुग्णालयाच्या तळघरात पाणी शिरलं आणि दीडशेहून अधिक रुग्णांना हलवावं लागलं. रुग्णालय कित्येक महिने बंद होतं. आमच्या गल्लीतल्या तीन घरांत गुडघाभर चिखल होता. ज्यांच्याशी तोवर नुसता "हाय" होता ते शेजारी फावडी आणि पंप घेऊन आले. मी दोन दिवस मोठ्या पातेल्यात खिचडी केली. ती खिचडी तिखट नसते हे कळल्यावर आजही एका घरातून दर हिवाळ्यात मागणी येते. आमच्या तीन वर्षांच्या नेमणुकीचं काय करायचं, याचा निर्णय आम्ही त्याच महिन्यात घेतला.

वॉशिंग्टन स्ट्रीटवर झाहाराकोस हे आइस्क्रीमचं दुकान आहे. ग्रीसहून आलेल्या भावांनी ते १९०० साली काढलं. आत गोमेदी दगडाचा सोडा काउंटर आणि आपोआप वाजणारं भलंमोठं जुनं वाद्य आहे. आई-वडील भारतातून आले की मी त्यांना आधी तिथे नेते आणि सांगते, हेही आपल्यासारखेच बाहेरून आले होते.

वादळाचा इशारा आला तर तळघरात जा. नसेल तर खिडकी नसलेल्या आतल्या बाथरूममध्ये. भारतात फोन करताना घड्याळ बघा : हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा, उन्हाळ्यात साडेनऊ. मी आले तेव्हा इथली घड्याळं बदलतच नसत, ते एप्रिल २००६पासून सुरू झालं. शिकागोचं घड्याळ इथल्यापेक्षा एक तास मागे असतं, तिथून विमान असेल तर जपा.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी मुलांना घेऊन गावाबाहेर पंधरा मिनिटं जा आणि रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी गाडी लावा. पाऊस येण्याआधी कापणी आटपायची म्हणून कंबाईन रात्री उशिरापर्यंत चालतात. दिव्यांच्या उजेडात धूळ सोनेरी दिसते, वाळलेल्या मक्याचा, थोडासा भाजल्यासारखा वास येतो, आणि यंत्राच्या नळीतून ट्रकमध्ये दाणे पडताना पत्र्यावर जोराचा पाऊस पडल्यासारखा आवाज होतो. काच खाली करून ऐका.