वाफसा बघून सायकल काढा : सोलापूरभोवतीच्या मुरमाड वाटांवर मार्ग कसा आखायचा

ग्रॅव्हल सायकलीचे, म्हणजे कच्च्या वाटांसाठी बनवलेल्या जाड टायरच्या सायकलीचे, जे फोटो बघून आपण सायकल घेतो, ते बहुतेक वेळा समुद्राकाठचे असतात. कोकणातला जांभ्याचा तांबडा सडा, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीच्या दऱ्या. ते सुंदर आहेच. पण तिथं पोचायला सोलापुरातून रात्रभर प्रवास करावा लागतो आणि दर रविवारी ते कुणालाच जमत नाही. मग सायकल विजापूर रोड नाहीतर होटगी रोडच्या डांबरावर फिरत राहते. मला याची खरोखर हळहळ वाटते, कारण ज्यासाठी ही सायकल बनली आहे तो मुरूम आपल्या शहराच्या हद्दीला लागूनच सुरू होतो. पाणंद, शिवरस्ते, कॅनॉलच्या कडेच्या वाटा, माळावरच्या गाडीवाटा असं जाळंच आहे. ते वाचायला मात्र शिकावं लागतं.

आधी माती, मग नकाशा

सोलापूरचा सगळा भाग बसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या दगडाचा. हा दगड झिजून, कुजून त्याचा मुरूम होतो. मुरमाची बारीक माती पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावसानं वाहून सखल भागात साठते, तीच आपली काळी माती. यातून एक सोपा नियम निघतो : उंचवटा मुरमाड, नदीकाठ काळा. भीमा, सीना किंवा एखाद्या मोठ्या ओढ्याच्या जवळ जाल तशी माती काळी आणि खोल होत जाते. दोन ओढ्यांच्या मधल्या माळावर चढलात की चाकाखाली मुरूम करकरायला लागतो.

हे महत्त्वाचं का, तर पाऊस पडला की दोन्ही मातींचं वागणं अगदी उलटं. मुरमातून पाणी निचरून जातं, पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वाट कडक आणि दाबलेली मिळते. उलट उन्हाळ्यापेक्षा ती तेव्हाच जास्त चांगली चालते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि धरून ठेवते. चार-पाच दिवस तिकडे फिरकू नये.

मी हे एका सप्टेंबरात शिकलो. आदल्या रात्री परतीचा पाऊस झाला होता, सकाळी लख्ख ऊन पडलं होतं, आणि मी भीमेकाठच्या एका पाणंदीत शिरलो. पहिली दोनशे मीटर काहीच नाही. मग टायरला मातीचा एक थर बसला, त्यावर दुसरा, त्यात उसाचं पाचट अडकलं. बघता बघता पुढच्या फोर्कमध्ये माती अशी ठासली गेली की चाक फिरेना. ढकलावी तर मागचं चाकही घसटत यायचं. काडीनं माती काढायची, दहा पावलं जायचं, पुन्हा तेच. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. ती नेहमीच्या दुपटीनं जड लागत होती आणि बुटांच्या तळाला वीत-वीतभर गोळे आलेले. तासाभरानं एका वस्तीवरच्या आजोबांनी खुरपं दिलं आणि एवढंच म्हणाले, ‘लेकरा, वाफसा तरी येऊ द्यायचा की.’

वाफसा म्हणजे जमीन ना ओली ना कोरडी, औत घालण्याजोगी झालेली स्थिती. शेतकरी ज्या खुणेवर पेरणी ठरवतो, त्याच खुणेवर आपण मार्ग ठरवायचा. परीक्षा सोपी आहे. वाटेच्या कडेची मूठभर माती घ्या, दाबून लाडू करा, छातीच्या उंचीवरून खाली सोडा. फुटून विखुरली तर खुशाल जा. नुसती चपटी होऊन बसली तर मागं वळा, मग नकाशावर मुक्काम दोनच किलोमीटरवर दिसत असला तरी.

नकाशावर वाट शोधताना

फोनवरच्या नकाशातला नेहमीचा रस्त्यांचा थर इथं फारसा कामाचा नाही. उपग्रहाचं चित्र उघडा. मुरमाची वाट पिवळट-तांबूस रेघ म्हणून उठून दिसते, काळ्या रानातली वाट करड्या रेघेसारखी शेतात मिसळून जाते. चित्र कुठल्या महिन्यातलं आहे ते शेतांच्या हिरवेपणावरून ताडा. भर पावसाळ्यातल्या चित्रात गवतानं वाटा झाकलेल्या असतात.

सोबत भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे घ्या. ते विभागाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्यांत समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा) असल्यामुळे माळ कुठे, सखल भाग कुठे हे एका नजरेत कळतं, आणि वर सांगितलेला नियम लावला की मातीचाही अंदाज येतो. दोन गावांच्या शिवेवरून जाणारा शिवरस्ता शोधायचा असेल तर राज्य सरकारच्या भूनकाशात गावाची हद्द बघा. पाणंदीचं मात्र भान ठेवा. ती शेतात जाण्यासाठी असते, पलीकडे निघेलच असं नाही. पुष्कळ पाणंदी एखाद्या विहिरीपाशी संपतात.

कॅनॉलच्या कडेची वाट मला सगळ्यांत आवडते. उजनी धरण १९८० साली पुरं झालं आणि त्याचे डावा-उजवा कालवा व त्यांचे फाटे जिल्ह्यात लांबवर गेले. कालवा पाणी वाहून नेतो, म्हणजे त्याचा उतार अगदी मंद असतो, म्हणजे शेजारची वाटही जवळपास सपाट. पण ती वाट पाटबंधारे खात्याची आहे. जिथं फाटक लावलंय किंवा मनाईची पाटी आहे तिथं शिरू नका. आवर्तन चालू असताना कालवा तुडुंब वाहतो आणि त्याचे काठ उभे व निसरडे असतात, तेव्हा पाण्याच्या बाजूनं चालवू नका, हातपाय धुवायलाही उतरू नका.

पहिला मार्ग तीस किलोमीटरपेक्षा मोठा आखू नका. त्यातलं निम्मं डांबर असू द्या आणि दर सात-आठ किलोमीटरवर डांबराला परत लागता येईल अशी सोय ठेवा. डांबरावर ताशी वीस-बावीसनं जाणारा माणूस मुरमावर बारा ते पंधरानं जातो, हे धरून वेळ मोजा.

आणि तरीही विचारा

नकाशा कितीही बघितला तरी शेवटचा शब्द तिथल्या माणसाचा. फक्त प्रश्न नीट विचारला पाहिजे. ‘रस्ता आहे का?’ म्हटलं की उत्तर ‘हाय की’ असंच येतं. ‘ट्रॅक्टर जातो का?’ हेही उपयोगाचं नाही, ट्रॅक्टर गुडघाभर चिखलातून जातो. विचारायचं असं : ‘दादा, दूधवाल्याची गाडी येते का या वाटेनं?’

दूधवाला रोज दोनदा, दोन्ही बाजूंना कॅन लावलेली मोटारसायकल घेऊन वस्त्या-वस्त्यांवर जातो. त्याच्या गाडीचं वजन आणि अरुंद टायर बघता, तो जिथून जातो तिथून तुमची सायकल जातेच. त्यानं वाट सोडून शेजारच्या बांधावरून चाकोरी पाडली असेल तर तुम्हीही तीच धरा, त्याचं कारण पुढं दिसतंच. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या कित्येक गावांत घरची भाषा कन्नड आहे. तिथं मराठीत विचारलं तरी अडत नाही, पण ‘नमस्कार री’ म्हटलं की माणूस हातातलं काम ठेवून चार पावलं दाखवायला येतो.

सुरुवातीला तीन दिशा

उत्तरेकडे तुळजापूर रस्ता आणि बार्शी रस्ता हे दोन पंजे फाकल्यासारखे निघतात. त्यांच्या मधला पट्टा नवख्यांसाठी उत्तम. तुळजापूर रस्त्यावर हिप्परग्याचा एकरुख तलाव आहे, ब्रिटिश काळात बांधलेला. हिवाळ्यात तिथं पक्षी उतरतात. तिथून माळामाळानं बार्शी रस्त्याकडे सरकायचं. मात्र पुढं नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, १९७९ साली जाहीर झालेलं. त्या गवताळ रानात वनखात्याच्या परवानगीशिवाय चाक घालू नका. माळरानातले कितीतरी पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि ती मातीच्या रंगाची असतात. आपल्याला रिकामं गवत दिसतं, तिथं एखादं घर असतं. गावच्या वापरातल्या रस्त्यावरून जातानाही काळविटांचा कळप दिसण्याची शक्यता असतेच. तो दिसला की थांबा, पाठलाग करू नका.

दक्षिणेकडे हत्तरसंग कुडल. विजापूर रस्त्यानं वडकबाळच्या पुलावर सीना ओलांडली की आपण सीना आणि भीमा यांच्या मधल्या पट्ट्यात येतो, आणि दोन्ही नद्या जिथं भेटतात ते टोक म्हणजे कुडल संगम. शहरापासून साधारण चाळीस किलोमीटर. इथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे, आणि हरिहरेश्वराच्या मंदिरात ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग. आपल्या भाषेतली हजार वर्षांपूर्वीची ओळ ज्या दगडावर आहे, त्याच्यापर्यंत स्वतःच्या पायांनी पोचल्यावर जे वाटतं ते मला नीट सांगता येत नाही. पण हा सगळा पट्टा काळ्या मातीचा आणि उसाचा, म्हणून हा मार्ग डिसेंबर ते मार्चच. बाकीच्या महिन्यांत डांबरानं जा.

तिसरी दिशा नळदुर्ग, ज्यांना दरी-घळीची ओढ आहे त्यांच्यासाठी. सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटर, धाराशिव जिल्ह्यात. पठार सपाट दिसत असतं आणि अचानक बोरी नदीची घळ उघडते, कातळाचे कडे आणि त्यावर किल्ल्याची तटबंदी. नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात १६१३ च्या सुमारास पाणीमहाल बांधला, आदिलशाहीतलं काम. चांगला पाऊस झाला की बंधाऱ्यावरून नर-मादी हे धबधबे कोसळतात. हैदराबाद महामार्गावर जड वाहनं फार, म्हणून सायकल गाडीतून नळदुर्गपर्यंत न्या आणि तिथून भोवतालच्या पठारावरच्या वाटा फिरा. घळीच्या काठावर सायकलवर बसून जाऊ नका, कडेचा मुरूम सुटा असतो.

सायकल, काटे आणि हवा

महागडी सायकल नसली तरी चालेल. ३८ मिलिमीटरच्या वर टायर बसत असेल आणि टायर व फ्रेममध्ये बोटभर जागा राहत असेल तर साधी हायब्रिडही (रस्त्याची आणि डोंगरी यांच्या मधली सायकल) पुरते. मी ४२ मिलिमीटरचे ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले टायर वापरतो. माझं वजन सत्तरच्या आसपास, पुढं ३० आणि मागं ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा. ट्यूब असेल तर पाच-सात पीएसआय जास्त ठेवा, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब चिमटते.

आपला खरा शत्रू दगड नव्हे, काटा. वेडी बाभूळ प्रत्येक बांधावर आहे, आणि दिवाळीनंतर सराटे वाळून वाटेवर पडतात. सराट्याचं फळ कसंही पडलं तरी त्याचा एखादा काटा वर असतोच. म्हणून दर तासाला थांबा, चाक हळू फिरवत टायरवरून नजर टाका. ट्यूब असेल तर रुतलेला काटा लगेच काढा, प्रत्येक फेऱ्यात तो आत सरकत असतो. ट्यूबलेस असेल आणि बाभळीचा लांब काटा खोल गेला असेल तर तो वाटेत उपसू नका, घरी आल्यावर काढा आणि चाक फिरवून टायरमधल्या सीलंट या चिकट द्रवाला भोक बुजवू द्या. आपल्या उन्हात सीलंट लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी बघून भर घाला. दोन ट्यूब, पंप, पॅच आणि एक छोटा चिमटा सोबत हवाच.

वेळ, पाणी, शिदोरी

ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी हा हंगाम. उजाडताना निघा, अकराच्या आत परत या. मार्चपासून नऊलाच परतायचं, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो तेव्हा माळावर जाऊच नका, तिथं सावलीला झाड नसतं. तासाला पाऊण लिटर पाणी धरा, दोन तासांपुढच्या फेरीत एका बाटलीत ओआरएस घाला. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून जोरात येतो, त्या दिवसांत आधी पश्चिमेला जा म्हणजे दमल्यावर तोच वारा घरी आणतो.

खायला बाहेरचं काही शोधायची गरज नाही. आपली कडक भाकरी रुमालात बांधा, सोबत शेंगाची चटणी. भाकरी उन्हात खराब होत नाही, चटणीत मीठ आणि तेल दोन्ही असतं, आणि शेंगापोळी असेल तर गोडाचीही सोय झाली.

गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या रात्रभर चालतात. ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लावलेली असतात, चालकाला मागचं ऐकू येत नाही. त्याच्या शेजारून घुसू नका, रुंद जागा येईपर्यंत मागं थांबा. वस्तीवरचं कुत्रं धावून आलं तर पळवू नका. उतरा, सायकल त्याच्या आणि तुमच्या मध्ये धरा, वस्तीकडे हाक मारा, चालत पुढं जा. चावलंच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

घरी आल्यावर जीपीएसची नोंद जपून ठेवा आणि फाइलच्या नावात महिना घाला, शेवटचा पाऊस कधी झाला तेही लिहा. जानेवारीत अडीच तासांत झालेली वाट सप्टेंबरात अजिबात मिळत नाही. माझ्याकडे भीमेकाठच्या त्या पाणंदीच्या दोन फाइली आहेत. एकीचं नाव ‘जानेवारी, वाट कडक’, दुसरीचं ‘सप्टेंबर, वाफसा नाही’.