अवघड इंग्लिश शब्द लक्षात राहत नाहीत? यादी फेका आधी

वहीत मधोमध रेघ मारून डावीकडे इंग्लिश शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, रोज ५० शब्द, हा उद्योग मीपण केलाय आणि पंधरा दिवसांनी विचाराल तर त्यातले चार आठवले तर नशीब. बरं आठवले तरी वापरता येतातच असं नाही. मी एकदा एका सरांना मेल लिहिला, 'तुम्ही तुमच्या विषयात नोटोरियस आहात', कारण माझ्या वहीत नोटोरियससमोर लिहिलं होतं 'प्रसिद्ध'. नोटोरियस म्हणजे कुप्रसिद्ध हो! सरांनी काही उत्तरच दिलं नाही.

तर पहिलं काम, शब्द एकटा लिहायचाच नाही. तो जिथे सापडला ते अख्खं वाक्य लिहायचं आणि खाली स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य बनवायचं, भले ते येडपट असू दे. आणि शब्दाचा सूर बघायचा, कौतुकाचा आहे की टोमण्याचा. फ्रुगल आणि स्टिंजी, दोघंही पैसे जपूनच खर्च करतात, पण फ्रुगल म्हणजे काटकसरी आणि स्टिंजी म्हणजे चिक्कू, आता मराठीत आपण कुणाला तोंडावर चिक्कू म्हणू का? तसंच आहे ते.

दुसरं म्हणजे मूळ धातू, हे मला सगळ्यात आवडतं. आपल्याकडे आहार, विहार, प्रहार, संहार हे सगळे 'हृ' धातूचे, पुढचा उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो, लॅटिनचंपण तसंच. 'लोक्वी' म्हणजे बोलणं, एवढं एक डोक्यात बसलं की एलोक्वंट म्हणजे प्रभावी बोलणारा, लोक्वेशस म्हणजे बडबड्या, कलोक्विअल म्हणजे बोलीभाषेतलं, सॉलिलोक्वी म्हणजे स्वगत, आणि व्हेंट्रिलोक्विस्ट म्हणजे तो बाहुलीला बोलतं करणारा, शब्दशः 'पोटातून बोलणारा'. एका दगडात पाच पक्षी. फक्त डोळे झाकून विश्वास ठेवू नका, 'इन' लागला म्हणजे उलटा अर्थ असं धरून चाललात तर इनफ्लेमेबल लिहिलेल्या डब्याजवळ काडी ओढाल, त्याचा अर्थ 'पटकन पेट घेणारा' असा आहे.

आता उजळणी. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून करून बघितलं की आपण किती वेगाने विसरतो, १८८५ मध्ये ते छापलंपण, आणि त्यात दिसलं की सुरुवातीलाच सगळ्यात जास्त विसरायला होतं. म्हणून आज शिकलेला शब्द उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने असा बघायचा, आकडे थोडे मागेपुढे चालतील. बघायचा म्हणजे वाचायचा नाही हां, अर्थ झाकून आठवायचा, आठवत नसेल तर थोडं डोकं खाजवायचं आणि मगच उघडायचं. कार्ड करून तीन खोके ठेवले तरी चालतं, बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की परत पहिल्यात, आणि पुढचा खोका जरा उशिरा उघडायचा. हे सगळं नको असेल तर अँकी नावाचं ॲप तारखा स्वतःच सांभाळतं.

दिवसाला पाच शब्द पुरे, खरंच. आणि तेसुद्धा जे तुम्ही वाचता त्यातलेच घ्या, एखादा शब्द दोनतीनदा समोर आला की समजा तो कामाचा.

उच्चार मात्र पहिल्याच दिवशी ऐकून घ्या, ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरचं चित्र असतं ते दाबायचं. मी कित्येक वर्षं 'एपिटोम' म्हणायचो, ते 'इपिटमी' आहे, आणि सटलमधला बी तर बोलायचाच नसतो, पण जिभेला सवय लागल्यावर अजूनही घाईत 'सबटल'च बाहेर पडतं.