लाकडी कॅबिनेट करताय? जुन्या डब्याचा पत्रा वापरा

संगणकाचं कॅबिनेट घरी लाकडात करायचं असेल तर मदरबोर्ड थेट लाकडावर आवळू नका. भंगारवाल्याकडून एखादं जुनं एटीएक्स (मदरबोर्डच्या एका ठरलेल्या मापाचं) कॅबिनेट आणा, रिव्हेट ड्रिलने उडवा आणि मदरबोर्डची पत्र्याची पाटी मागच्या पत्र्यासकट काढून घ्या. लाकडाचा डबा तिच्याभोवती बांधायचा. पितळी स्टँडऑफच्या (मदरबोर्ड पत्र्यापासून उचलून धरणाऱ्या खुंट्यांच्या) जागा, ग्राफिक्स कार्डाच्या खाचा, मागच्या पोर्टांची १५८.७५ × ४४.४५ मिमीची खिडकी, सगळं तयार मापात मिळतं. ही खिडकी मी पहिल्यांदा प्लायमध्ये हाताने कापली होती. कापणं जमलं, पण १२ मिमी जाडीत एचडीएमआयची पिन पोर्टापर्यंत पोचेचना! शेवटी मागून पटाशीने तासत बसलो.

दुसरं काम अर्थिंगचं. लाकूड वीज वाहून नेत नाही, त्यामुळे पॉवर सप्लायही याच पत्र्याला स्क्रूने बसवा, म्हणजे बोर्ड आणि पत्रा दोन्ही अर्थला जोडलेले राहतात. स्क्रूखालचा रंग मात्र खरवडून काढा.

सागाची अखंड फळी देखणी दिसते, पण पावसाळ्यात ती रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. सांगाडा प्लायचा करून वर सागाचं विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेलं बरं. फळीच हवी असेल तर ती पत्र्याला जोडणाऱ्या स्क्रूंची पत्र्यातली भोकं कानशीने लांबट करा, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते.

लाकडात पंख्यासाठी भोकं पाडताना लक्षात ठेवा, १२० मिमी पंख्याच्या स्क्रूंमधलं अंतर १०५ मिमी असतं. पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत आत काही बसवू नका.