पेपरच्या आदल्या रात्री कानात काय लावायचं

फर्स्ट इयरला पहिल्याच सेमिस्टरच्या पेपरच्या आदल्या रात्री माझी हालत अशी की पोटात गोळा, हात गार, पुस्तक उघडं आणि डोक्यात काहीच शिरत नाही. कुणीतरी म्हणालं शांत म्युझिक लाव, म्हणून बासरी आणि पावसाचा आवाज वगैरे लावलं तर दोन मिनिटांत इतकी चिडचिड झाली की हेडफोन काढून फेकले.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. म्युझिक थेरपीत आयसो प्रिन्सिपल म्हणून एक प्रकार आहे, आयरा आल्टशूलर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९४० च्या दशकात मांडलेला. मन आत्ता जिथं आहे तसंच गाणं आधी लावायचं आणि मग वेग हळूहळू उतरवत न्यायचा. छाती धडधडत असताना थेट संथ बासरी म्हणजे पळत्या माणसाला मधेच हात धरून खाली बसवणं झालं, तो वैतागणारच ना.

मग मी पाच गाण्यांची लिस्ट केली, साधारण वीस मिनिटांची. पहिलं जोरकस, मिनिटाला १३० बीट्सच्या आसपास, पुढचं प्रत्येक थोडं मंद, आणि शेवटचं ६० बीट्सचं, बिनशब्दांचं. या शेवटच्यावर चार ठोके श्वास आत आणि सहा ठोके बाहेर, म्हणजे मिनिटाला बरोब्बर सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात म्हणून बाहेरचा लांब ठेवायचा. लिस्ट आधीच डाउनलोड करून फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर गाणं शोधता शोधता ग्रुपवर "किती चॅप्टर झाले" वाचाल आणि संपलं. आणि हे साध्या दिवशी पण करा, डायरेक्ट परीक्षेच्या रात्री पहिल्यांदा करून काही होत नाही (अनुभव आहे).

अभ्यास करताना मात्र शब्द असलेली गाणी नकोच, वाचतानाचे शब्द आणि गाण्यातले शब्द डोक्यात भांडतात. मोझार्टचं संगीत ऐकून हुशारी वाढते हे पण सोडा, ज्यावरून हे पसरलं तो १९९३ चा प्रयोग ३६ विद्यार्थ्यांवरचा होता आणि परिणाम टिकला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं.

परीक्षेच्या हॉलमध्ये हेडफोन चालत नाहीत, तर बाहेर उभं राहून तेच शेवटचं गाणं तोंड मिटून गुणगुणायचं, श्वास आपोआप लांब सुटतो. हेडफोनचा आवाज मात्र कायम बेताचा ठेवा, डब्ल्यूएचओची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, लेक्चर बुडतायत असं असेल तर प्लेलिस्ट बाजूला ठेवून काउन्सेलरकडे जा, मी दुसऱ्या वर्षी गेले, लवकर जायला हवं होतं.

एक राहिलंच. लिस्टमध्ये जिवापाड आवडतं गाणं टाकू नका. माझं एक असंच वाया गेलंय, आता सुट्टीत लागलं तरी पोटात गोळा येतो.