जलविद्युत प्रकल्पाचा अहवाल वाचायचा कसा

विजेची मागणी वर्षाला ७ टक्क्यांनी वाढत असेल, तर ती साधारण १० वर्षांत दुप्पट होते. मोठा जलविद्युत प्रकल्प उभा राहायलाही बऱ्याचदा तेवढीच वर्षं लागतात. म्हणजे आज जी टंचाई दाखवून प्रकल्प मंजूर होतो, तिचं रूप प्रकल्प सुरू होईपर्यंत पार पालटलेलं असतं. अशा प्रकल्पांचे अहवाल तपासण्यात माझी नोकरी गेली. जलविद्युत वाढायला हवी असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच तिचे अहवाल कडकपणे वाचा असं मी सांगते. तुम्ही पत्रकार असा, कर्ज देणाऱ्या बँकेत असा, धरणाखालचे शेतकरी असा किंवा या कामात नव्याने आलेले अभियंते. मी वाचते तो क्रम पुढे देते आहे.

मुखपृष्ठावरचा मेगावॅटचा आकडा आधी बाजूला ठेवा. तो यंत्रांची ताकद सांगतो, पाण्याबद्दल काही सांगत नाही. चीनमधल्या थ्री गॉर्जेसची क्षमता २२,५०० मेगावॅट आहे, ब्राझील आणि पॅराग्वे यांच्या सीमेवरच्या इताइपूची १४,०००. तरी इताइपूने २०१६ मध्ये सुमारे १०३ अब्ज युनिट वीज दिली आणि थ्री गॉर्जेसने २०२० या आपल्या विक्रमी वर्षात सुमारे ११२ अब्ज. ८,५०० मेगावॅटचा फरक असूनही विजेत एवढंच अंतर, कारण पाराना नदी वर्षभर बरीच एकसारखी वाहते.

म्हणून पहिलं प्रकरण उघडायचं ते जलविज्ञानाचं. विसर्गाची, म्हणजे नदीतून दर सेकंदाला किती पाणी वाहतं त्याची, मोजणी किती वर्षांची आहे, आणि ती याच नदीवरची आहे की शेजारच्या नदीचे आकडे पाणलोटाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात इकडे आणलेत, ते बघा. मोजणी केंद्रावरचा माणूस रोज मोजपट्टीवर वाचतो ती फक्त पाण्याची उंची. त्या उंचीवरून विसर्ग काढायचा तक्ता वेगळा असतो आणि मोठ्या पुरात नदीचा तळ खरवडला गेला की तो तक्ता जुना होतो. प्रवाहमापक प्रत्यक्ष पाण्यात सोडून केलेल्या मोजणीच्या तारखा मागा. पुरानंतरची एकही तारीख नसेल, तर पुढचे सगळे आकडे शंकास्पद धरा.

मग गणित स्वतः करा. क्युमेकमधला (सेकंदाला घनमीटर) विसर्ग गुणिले मीटरमधली पाण्याच्या पडण्याची उंची गुणिले साडेआठ, म्हणजे किलोवॅट. १० क्युमेक पाणी १०० मीटर पडलं तर साधारण साडेआठ मेगावॅट. हाच हिशेब सगळ्यात कोरड्या महिन्यासाठी पुन्हा मांडा, आणि त्याआधी नदी जिवंत ठेवायला सोडायचं पाणी वजा करा. उरेल तो आकडा मुखपृष्ठावरच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा. नेपाळचे बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे, मोठा साठा नसलेले. म्हणून तो देश पावसाळ्यात वीज विकतो आणि हिवाळ्यात भारताकडून विकत घेतो. झांबियाकडे तर करिबासारखा अवाढव्य जलाशय आहे, तरी २०२४ च्या दुष्काळात तिथे रोज तासन् तास अंधार होता, कारण देशाची बहुतेक वीज पाण्यावरच उभी होती. साठा असला तरी ओळीने दोन कोरडी वर्षं आली तर काय होईल, हे अहवालात शोधा.

गाळाच्या प्रकरणाला मी सगळ्यात जास्त वेळ देते. वर्षाला किती टन गाळ येतो हे तिथे लिहिलेलं असतंच. मला हवं असतं ते वेगळं: त्यात क्वार्ट्झ किती आणि कण केवढे. क्वार्ट्झ टर्बाइनच्या पोलादापेक्षा कठीण असतो. गाळ बसवण्याच्या टाक्या साधारणपणे ०.२ मिलिमीटरहून मोठे कण अडवतात; त्याहून बारीक ते पाण्याबरोबर यंत्रात जातात. पेल्टन टर्बाइनच्या रनरला, म्हणजे झोताने फिरणाऱ्या चाकाला, कडेने वाट्या असतात; प्रत्येक वाटीत मधोमध एक धार असते, तिच्यावर पाण्याचा झोत दुभागतो. नवी असताना ती रेखीव, टोकदार असते. क्वार्ट्झचं पाणी त्यावरून पावसाळाभर गेलं की धार बोथट होते, वाटीच्या आत लाटा उठल्यासारखे खळगे पडतात, बोट फिरवलं तर खडबड हाताला लागते. मग झोत नीट दुभागत नाही आणि तेवढ्याच पाण्यात वीज कमी निघते. हिमाचलमध्ये सतलजवरच्या १,५०० मेगावॅटच्या नाथपा झाकरीला गाळ वाढला की यंत्रं थांबवावी लागतात, तीही नदी भरून वाहत असताना. तेव्हा विचारा: जादा रनर घेतलाय का, टंगस्टन कार्बाइडचा लेप आहे का, गाळ किती झाल्यावर यंत्रं बंद करणार, आणि ते बंद दिवस वार्षिक विजेतून वजा केलेत का?

धरण मोठं असेल तर गाळ जलाशयातच बसतो. चीनमध्ये पीत नदीवर १९६० मध्ये बांधलेलं सानमेनश्या इतक्या झपाट्याने भरत गेलं, की तळाशी गाळ सोडायची दारं उघडावी लागली आणि वीजनिर्मितीचा मूळ बेत सोडावा लागला. तळाची दारं नकाशातच आहेत का, ते पहिल्या वाचनातच तपासा.

भूगर्भाबद्दल थोडक्यात सांगते. भूतानमधल्या १,२०० मेगावॅटच्या पुनात्सांगछू-१ चं काम २००८ मध्ये सुरू झालं आणि २०१३ मध्ये धरणाच्या जागी नदीची उजवी कड, म्हणजे त्या बाजूचा डोंगरउतार, सरकली. प्रकल्प वर्षानुवर्षं अडकला. दोन्ही कडांमध्ये किती छिद्रं घेऊन खडक तपासला, एवढं विचारा. नदी हिमनद्यांमधून येत असेल तर आणखी एक प्रश्न: सांडवा फक्त पावसाच्या पुरासाठी आखलाय की हिमसरोवर फुटण्यासाठीही? सिक्कीममध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं आणि १,२०० मेगावॅटच्या तीस्ता-३ चं धरण वाहून गेलं.

आता पैसा. जगभरातल्या २४५ मोठ्या धरणांच्या २०१४ मधल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा सरासरी ९६ टक्क्यांनी जास्त निघाला. खर्च दीडपट आणि उशीर तीन वर्षांचा धरून युनिटचा दर पुन्हा काढा. बांधकामाच्या काळातलं व्याज त्यात मिळवायला विसरू नका. उशिराचा खरा मार तिथेच बसतो.

पुनर्वसनाचं प्रकरण बहुतेक अहवालांत सगळ्यात बारीक असतं आणि याची मला चीड येते. यादीत नावं जमीनमालकांची असतात. कुळं, भूमिहीन मजूर, मासेमारी करणारे, चराईला जनावरं नेणारे त्यात कुठे आहेत, ते नाव घेऊन विचारा. धरणाखालच्या लोकांनी एक तक्ता हक्काने मागावा: संध्याकाळी यंत्रं सुरू झाल्यावर कोणत्या गावापाशी पाणी किती मिनिटांत किती चढेल. नदीपात्रात कपडे धुणाऱ्या बाईसाठी भोंगा कुठे वाजणार, हे त्या तक्त्यावरूनच ठरतं.

एवढ्या अडचणी असूनही मला या क्षेत्राचं भवितव्य चांगलं दिसतं, कारण सौरऊर्जा वाढेल तशी सूर्य मावळल्यावर मिनिटांत चालू होणाऱ्या विजेची किंमत वाढत जाते. उदंचन प्रकल्प दुपारची स्वस्त वीज वापरून पाणी खालच्या जलाशयातून वरच्या जलाशयात चढवतो आणि संध्याकाळी १०० युनिटांमागे ७० ते ८० परत देतो. वेल्समधलं डिनॉर्विग हे काम १९८४ पासून करतंय. दोन्ही जलाशय नदीपासून बाजूला घेतले तर गाळ आणि पूर हे दोन्ही प्रश्न बरेच हलके होतात. तरी नव्या प्रकल्पाला हात घालण्याआधी जुन्यांकडे बघावं असं माझं मत आहे: आधी जुन्या वीजगृहांतले रनर आणि जनित्रं बदला, मग सिंचनासाठी बांधलेल्या धरणांच्या पायथ्याशी वीजगृहं बसवा, मग उदंचन. नव्या नदीवर नवं धरण सगळ्यात शेवटी.

शेवटी वीजखरेदीचा करार आणि पारेषण वाहिनीचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून वाचा. यंत्रं तयार आणि वाहिनी अपुरी, अशी परिस्थिती आली तर भुर्दंड कोणी सोसायचा, ते करारात लिहिलेलं हवं. आणि संध्याकाळच्या युनिटला मध्यरात्रीच्या युनिटएवढाच दर असेल, तर पाणी साठवून ठेवण्यात कोणालाच रस राहणार नाही. वेळेनुसार दराचं कलम घातल्याशिवाय अशा करारावर सही होऊ देऊ नका.